जुन्या बाडातील पोर्टर आणि तिचे मोल

डिसेंबर २०२४ मध्ये, ऐन नाताळच्या तोंडावर, ब्रिटनमधील मद्यगृहांना गिनेसची काळी बिअर मोजूनमापून घ्यावी लागली. मागणी इतकी वाढली की मालक कंपनी डियाजिओ हिने पुरवठ्यावर मर्यादा घातली. वर्तमानपत्रांनी ही बातमी गमतीने छापली, गिऱ्हाइकांनी कुरकुर केली आणि नववर्षाबरोबर प्रकरण निवळलेही. परंतु या बातमीआड एक जुना प्रश्न उभा आहे, आणि तो केवळ मद्यप्रेमी मंडळींचा नाही. जुन्या नावाचे मोल किती, आणि ते कोणी ठरवायचे, हा तो प्रश्न होय. याच कंपनीने त्याआधी दहा वर्षे, २०१४ च्या सप्टेंबरात, आपल्या जुन्या वह्या उघडून दोन नव्या पोर्टर बाजारात आणल्या होत्या. त्यांची चव आणि त्यांची किंमत या दोहोंचा हिशेब मांडला, तर या प्रश्नाचे उत्तर बरेचसे हाती येते.

प्रथमच एक खुलासा करून ठेवतो. आपल्या जुन्या घरांतून मद्याचे नाव काढले की भुवया चढतात, आणि त्यात गैर काही नाही. हा लेख मद्याचा पुरस्कार करण्यासाठी लिहिलेला नाही. परंतु युरोपातील एका बड्या धंद्याची, कराची आणि कारागिरीची ही हकीकत आहे, व ती समजून घेण्यास पेला उचललाच पाहिजे असे नाही.

पोर्टर म्हणजे काय, हे आधी पाहू. जव भिजवून, त्यास मोड आणून, मग वाळवून जे तयार होते त्यास माल्ट म्हणतात. लंडनमध्ये अठराव्या शतकाच्या आरंभी हे माल्ट लाकडाच्या जाळावर चांगले तपकिरी होईपर्यंत भाजीत व त्यापासून गडद, कडवट बिअर काढीत. ती महिनोन्महिने लाकडी पिंपांत मुरवीत. धक्क्यांवर आणि बाजारांत ओझी वाहणाऱ्या हमालांना ती विशेष आवडे, म्हणून हमालाचे इंग्रजी नावच तिला चिकटले. म्हणजे ही मुळात हमालाची बिअर. तिचा भाव क्वार्टला, म्हणजे सुमारे सव्वा लिटरहून थोड्या कमी मापाला, तीन पेन्स असा वर्षानुवर्षे ठरलेला होता. १७६१ च्या करवाढीनंतर तो साडेतीन पेन्स झाला, तेव्हा लंडनमध्ये मोठा असंतोष माजला. अर्ध्या पेनीसाठी लोक रस्त्यावर येतात यावरून ती किती सामान्यांची वस्तू होती, हे ध्यानात येईल.

आर्थर गिनेस याने डब्लिनमधील सेंट जेम्सेस गेट येथील भट्टी ३१ डिसेंबर १७५९ रोजी वार्षिक ४५ पौंड भाड्याने घेतली, तीही नऊ हजार वर्षांच्या कराराने. आरंभी तो एल नावाची साधी बिअर काढी. १७६९ मध्ये साडेसहा पिंपे इंग्लंडला गेली, ही त्याची पहिली निर्यात. पुढे लंडनची पोर्टर डब्लिनच्या बाजारात शिरली, तेव्हा तो तीही करू लागला, आणि १७९९ पासून त्याने एल सोडून केवळ पोर्टरच धरली. १७९५ मध्ये आयर्लंडच्या पार्लमेंटाने बिअरवरील अबकारी काढून टाकल्याने तेथील भट्टीवाल्यांना मोठाच हात मिळाला. १८०३ मध्ये आर्थर वारला. त्याच्या हयातीतच, १८०१ साली, वेस्ट इंडीज बेटांकडे पाठवावयाच्या पोर्टरची नोंद वहीत झालेली आहे. लांबच्या सागरप्रवासात बिअर आंबू नये म्हणून ती अधिक तीव्र ठेवीत व तिच्यात हॉप्सची कडू फुले अधिक घालीत.

हिंदुस्थानशीही पोर्टरचा संबंध आला होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या गोऱ्या पलटणींसाठी पिंपेच्या पिंपे इकडे येत. साहेबलोकांच्या टेबलावर फिकट एल असे, तर सोजिरांच्या बराकीत पोर्टर. आज 'इंडिया' हे नाव त्या फिकट एलला चिकटून जगभर गाजते आणि सोजिराच्या पोर्टरची आठवण कोणी ठेवीत नाही. नाव कोणास मिळते आणि कष्ट कोणाचे असतात, याचा हा एक लहानसा दाखला आहे.

एकोणिसाव्या शतकात पोर्टरमधील अधिक तीव्र प्रकारास 'स्टाउट पोर्टर' म्हणू लागले, आणि हळूहळू 'पोर्टर' गळून नुसते 'स्टाउट' उरले. साधी पोर्टर स्वस्तात मिळणारी, हातावर पोट असणाऱ्यांची म्हणून मागे राहिली. १९७० च्या दशकात गिनेसने ती काढणेच थांबविले. त्यानंतर थोड्याच वर्षांत इंग्लंडमधील काही लहान भट्टीवाल्यांनी तिचे पुनरुज्जीवन केले, आणि तेव्हापासून पोर्टर ही शौकिनांची, निवडक गिऱ्हाइकांची वस्तू होऊ लागली. लहान भट्ट्यांची ही लाट ब्रिटन, अमेरिका आणि आयर्लंड येथे इतकी वाढली की बड्या कारखान्यांच्या पोटात गोळा आला. २०१४ चे दोन नवे पोर्टर हे त्या भयाचे उत्तर होते. एकाचे नाव 'डब्लिन पोर्टर'. १७९६ च्या नोंदीवरून स्फुरलेली, मद्यांश ३.८ टक्के. दुसरीचे नाव 'वेस्ट इंडीज पोर्टर'. १८०१ च्या नोंदीवरून स्फुरलेली, मद्यांश ६ टक्के. दोन्ही अर्ध्या लिटरच्या बाटलीत, जुन्या धाटणीच्या चिठ्ठ्या लावून, लहान भट्ट्यांच्या महागड्या बाटल्यांच्या शेजारी मांडलेल्या.

२०१५ साली शिकवणीच्या निमित्ताने लंडनला मुक्काम होता, तेव्हा या दोन्ही बाटल्या एका मित्राच्या घरी चाखण्यास मिळाल्या. डब्लिन पोर्टर रंगाने काळसर तांबूस. नाकाशी धरता भाजक्या पावाचा आणि करपू लागलेल्या साखरेचा वास. पहिल्या घोटात गोडवा, मागून किंचित कडवटपणा, आणि मग चव लगेच ओसरते. नळाच्या गिनेसवर नायट्रोजनमुळे जी मलईसारखी साय येते, ती हिच्यात नाही. त्यामुळे अंगाने ती पातळ भासते. बरी, पण आठवण मागे ठेवीत नाही. वेस्ट इंडीज पोर्टरची गोष्ट निराळी. तिच्यात काकवीचा घट्टपणा, कडू कोकोची झाक आणि शेवटी हॉप्सचा स्पष्ट कडवटपणा आहे. घोट गिळल्यावर चव काही काळ जिभेवर रेंगाळते. गाण्यात ज्याला आस म्हणतो, तसे काहीसे. पहिलीत सूर लागतो, दुसरीत तो टिकतो.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. १७९६ ची नोंद वाचून १७९६ ची पोर्टर पुन्हा करता येईल काय? आमच्या ग्वाल्हेरीत बंदिशींची जुनी बाडे पुष्कळ घरांत होती. पंडित भातखंडे यांनी ठिकठिकाणच्या घराणेदार गवयांकडून चिजा मिळवून 'क्रमिक पुस्तक मालिके'त स्वरलिपीसह छापल्या, हे त्यांचे थोर उपकार आहेत. पण केवळ त्या लिपीवरून कोणी ग्वाल्हेर घराण्याचा ख्याल गाईल असे ते स्वतःही म्हणाले नसते. लिपीत स्वर असतो, मात्रा असते. स्वरावर आवाज कसा ठेवायचा आणि सम कशी यायची, हे गुरूच्या तोंडूनच येते. भट्टीच्या वहीचेही तेच. तीत माल्ट किती, हॉप्स किती, पाणी किती हे असते. ते माल्ट कोणत्या जवाचे, कोणत्या जाळावर किती भाजलेले, यीस्ट कोणते, मुरवलेली पिंपे कसली, हे वहीत मावत नाही. आणि नेमके हेच चव घडविते.

पोर्टरच्या बाबतीत तर बदल कसा झाला याचा इतिहास स्पष्ट आहे. १७८४ मध्ये जॉन रिचर्डसन याने द्रवातील साखरेचा अंश मोजण्याचे उपकरण भट्टीवाल्यांच्या हाती दिले. मोजल्यावर दिसून आले की तपकिरी माल्टपेक्षा फिकट माल्ट दिसण्यास महाग असले, तरी त्यातून साखर खूपच अधिक निघते, म्हणजे अंती तेच स्वस्त पडते. नेपोलियनशी चाललेल्या युद्धाच्या काळात माल्टवरील कर चढत गेला, तसा हा हिशेब अधिकच पटू लागला. फिकट माल्ट वाढले, पोर्टरचा रंग फिका झाला, आणि तो गडद करण्यासाठी भलतेसलते पदार्थ पडू लागले. १८१६ च्या कायद्याने त्यास बंदी केली. तेव्हा १८१७ मध्ये डॅनिएल व्हीलर याने माल्ट कॉफीच्या बियांसारखे काळे भाजण्याचे पेटंट घेतले. चिमूटभर काळ्या माल्टने पीपभर बिअर काळी होऊ लागली. आज आपण जिला स्टाउटची चव म्हणतो ती बहुतांशी या शोधानंतरची आहे. १७९६ च्या डब्लिनला ती ठाऊकच नव्हती.

तीव्रतेचेही तसेच. अठराव्या शतकातील पोर्टर आजच्या मापाने सहा-सात टक्क्यांच्या आसपासची असे. ३.८ टक्क्यांची पोर्टर त्या काळच्या मानाने फारच सौम्य ठरेल. बिअर इतकी हलकी झाली ती पहिल्या महायुद्धात. १९१४ ते १९१८ या काळात धान्य वाचविण्यासाठी सरकारने बिअरच्या तीव्रतेवर बंधने घातली, कर वाढविले, आणि युद्ध संपल्यावरही ती पूर्वपदावर आली नाही. म्हणून डब्लिन पोर्टरच्या चिठ्ठीवर १७९६ असले, तरी तिची शक्ती विसाव्या शतकाच्या मध्यास डब्लिनच्या मद्यगृहांत मिळणाऱ्या साध्या पोर्टरच्या जवळ जाते. खरे तर कंपनीने 'तुमच्या आजोबांची पोर्टर' असे म्हटले असते, तर ते अधिक खरे आणि मला वाटते अधिक हृद्यही झाले असते. पण आजोबांच्या आठवणीपेक्षा सव्वादोनशे वर्षांच्या आकड्याला बाजारात भाव अधिक.

वेस्ट इंडीज पोर्टरचा दावा मात्र वेगळ्या पायावर उभा आहे. १८०१ च्या त्या परंपरेचा धागा कधी तुटलाच नाही. तिचीच वंशज असलेली 'फॉरेन एक्स्ट्रा स्टाउट' आजही आफ्रिका, कॅरिबियन बेटे आणि आशिया येथे विकली जाते. बहुतेक ठिकाणी ती साडेसात टक्क्यांच्या घरातली आहे. १९६० च्या दशकाच्या आरंभी नायजेरियात लागोस येथे गिनेसचा कारखाना निघाला. १९८८ मध्ये नायजेरियाने जवाच्या माल्टच्या आयातीवर बंदी घातली, तेव्हा तेथील भट्टीवाल्यांनी ज्वारी आणि मका वापरून तीच काळी स्टाउट काढून दाखविली. डब्लिनहून येतो तो चवीचा अर्क तेवढा, बाकी सारे तेथलेच. २०२४ मध्ये तर डियाजिओने नायजेरियातील त्या कंपनीतील आपला मोठा हिस्सा सिंगापूरच्या टोलारामला विकला. म्हणजे धान्य बदलले, मालक बदलला, पण पिणाऱ्याच्या दृष्टीने परंपरा चालू राहिली. जिवंत परंपरेची खूण हीच की ती बदलते आणि तरी ओळखू येते. पुरलेली वस्तू उकरून काढावी लागते, चालू असलेली वस्तू पुरावा मागत नाही. जिभेने जो निवाडा दिला, त्याला इतिहासही दुजोरा देतो, हे येथे नमूद केले पाहिजे.

आता किमतीकडे वळू. गिऱ्हाइकाला वाटते की दोन बाटल्यांच्या किमतीतला फरक चवीचा किंवा नावाचा. प्रत्यक्षात त्यातील मोठा वाटा सरकारचा असतो. ब्रिटनने १ ऑगस्ट २०२३ पासून मद्यकराची पद्धत बदलून तो सरळ मद्यांशावर बसविला. त्या दिवशी लागू झालेल्या दराने ३.५ ते ८.५ टक्क्यांच्या बाटलीबंद बिअरवर शुद्ध मद्यार्काच्या लिटरमागे २१.०१ पौंड, आणि ३.५ टक्क्यांखालील बिअरवर केवळ ९.२७ पौंड. हिशेब करून पाहा. ३.८ टक्क्यांच्या अर्ध्या लिटरमध्ये १९ मिलिलिटर मद्यार्क, त्यावर कर सुमारे ४० पेन्स. ६ टक्क्यांच्या बाटलीत ३० मिलिलिटर, त्यावर ६३ पेन्स. आणि तीच डब्लिन पोर्टर ३.४ टक्क्यांची केली, तर कर अवघा १६ पेन्स. वरून विक्रीकर निराळा. अशा वेळी भट्टीवाल्याची बुद्धी कोठे वळेल? वळलीही. या कायद्यानंतर ब्रिटनमधील अनेक बिअर गुपचूप ३.४ टक्क्यांवर उतरल्या. १८०० च्या सुमारास माल्टवरील कराने पोर्टरचा रंग बदलला होता, २०२३ च्या कराने बिअरचा जोर बदलला. चवीचा खरा गुरू कित्येकदा अबकारी खातेच असते.

दुसरे बंधन आरोग्याच्या नावाने आले आहे. स्कॉटलंडने १ मे २०१८ पासून मद्याची किमान किंमत ठरवून दिली. दर दहा मिलिलिटर मद्यार्कामागे प्रथम ५० पेन्स, आणि ३० सप्टेंबर २०२४ पासून ६५ पेन्स. आयर्लंडने ४ जानेवारी २०२२ पासून दर ग्रॅम मद्यार्कामागे दहा सेंट हा नियम केला. म्हणजे आयर्लंडच्या दुकानात ३.८ टक्क्यांची अर्धा लिटरची बाटली दीड युरोच्या खाली विकता येत नाही, आणि सहा टक्क्यांची सुमारे दोन युरो सदतीस सेंटच्या खाली नाही. स्कॉटलंडमध्ये हाच हिशेब अनुक्रमे सुमारे एक पौंड चोवीस पेन्स आणि एक पौंड पंचाण्णव पेन्स असा होतो. या कायद्यांमागील हेतू शुद्ध आहे. अतिस्वस्त मद्यानेच सर्वाधिक घरे बुडतात, हे आपल्याही शहरांतून पाहावयास मिळते. मात्र त्याचा एक परिणाम ध्यानात घेण्याजोगा आहे. वाढलेली ही किंमत सरकारी तिजोरीत जात नाही, ती विकणाऱ्याकडेच राहते. आणि स्वस्त व महाग यांतील अंतर घटल्याने, थोडे अधिक देऊन नाव असलेली बाटली घेण्याकडे कल वाढतो. म्हणजे जुन्या वह्यांच्या व्यापाऱ्याला कायद्याचा पाठिंबाच मिळाला.

तर मग या दोन पोर्टरचे खरे मोल काय? माझ्या मते वेस्ट इंडीज पोर्टरसाठी गिऱ्हाइकाने साध्या स्टाउटपेक्षा अधिक दिले, तर ते वाया जात नाही. माल्ट अधिक, हॉप्स अधिक, कर अधिक आणि चवही अधिक. ही बेरीज सरळ आहे. डब्लिन पोर्टरमध्ये माल्ट कमी, कर कमी, आणि तरी किमतीची पायरी जवळजवळ तीच. तेथे वरचे पैसे गिऱ्हाईक १७९६ या आकड्याला देतो. तो आकडा खोटा नाही, कंपनीने 'स्फुरलेली' असा सावध शब्द वापरला आहे. परंतु 'स्फुरलेली' हा शब्द बारीक अक्षरात आणि १७९६ मोठ्या अक्षरात असला की कायदा पाळला जातो आणि समजूत तेवढी बिघडते.

कंपनीच्या पदरी एक गोष्ट अवश्य टाकली पाहिजे. जुन्या वह्या सांभाळण्याची आणि मोजमाप करण्याची तिची सवय अस्सल आहे. विल्यम गॉसेट हा गणिती १८९९ मध्ये तेथे नोकरीस लागला. थोड्या नमुन्यांवरून भरवशाचा निष्कर्ष कसा काढावा याची जी पद्धत त्याने १९०८ मध्ये 'स्टुडंट' या टोपणनावाने प्रसिद्ध केली, ती आज शेतीपासून औषधांपर्यंत सगळीकडे वापरली जाते. १९५९ मध्ये मायकेल ॲश या दुसऱ्या गणित्याने नायट्रोजनच्या साहाय्याने ती मलईदार साय नळावर आणली. ज्या गिनेससाठी २०२४ मध्ये लोक रांगा लावीत होते, ती बिअर १७५९ ची नव्हे, तर या १९५९ च्या शोधाची आहे. ज्या घराने इतकी प्रामाणिक नवी विद्या दिली, त्या घराला केवळ जुनेपणावर वस्तू विकण्याची गरज नव्हती. २०१४ च्या पोर्टरच्या चिठ्ठीवर हेच लिहिता आले असते की, हे आम्ही वहीतून घेतले, हे आम्हांस मिळाले नाही, आणि ते आम्ही आजच्या हातांनी भरून काढले. गवई मैफलीत बंदिशीचे नाव सांगतो तेव्हा जाणता श्रोता एवढीच अपेक्षा करतो, आणि ती पुरी झाली की बिदागीबद्दल कुरकुर करीत नाही.

डियाजिओचा व्यवहार आपल्या देशापासून दूर नाही. युनायटेड स्पिरिट्स ही येथील सर्वांत मोठ्या मद्य कंपन्यांपैकी एक, आणि २०१४ पासून तिच्यात डियाजिओचा निम्म्याहून अधिक हिस्सा आहे. तेव्हा जुनेपणाच्या चिठ्ठ्या लावून किंमत चढविण्याची ही रीत आज ना उद्या आपल्याही दुकानांत येणारच, किंबहुना कित्येक वस्तूंच्या बाबतीत आलेलीच आहे. 'शाही', 'दरबारी', 'खानदानी' हे शब्द संस्थानी शहरांत राहणाऱ्या आपण मंडळींना विशेष मोहवतात, कारण त्यांत आपल्याच वाडवडिलांची सावली दिसते. म्हणूनच अशी चिठ्ठी वाचताना आकड्याच्या आधी विचारावे की, ही विद्या कोणाच्या हातून कोणाच्या हाती आली. त्याचे उत्तर चिठ्ठीवर असेल, तर चार पैसे अधिक द्यावेत. नसेल, तर तो आकडा विकणाऱ्याच्याच पदरी राहू द्यावा.